ड्रेमंड ग्रीनसारख्या खेळाडूला कॅप्टन करावं का?

लेफ्टकॉर्नर (पुणे)

मी इथे एका क्लबमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना बास्केटबॉल शिकवतो. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे आणि कॅप्टन ठरवायचाय. एक मुलगा डोळ्यासमोर आहे. उंची बेताची, शॉटही साधारणच, पण बचावात त्याच्याइतकं कुणालाच दिसत नाही. स्क्रीन (बचावपटूची वाट अडवायला समोरच्यानं उभं राहणं) लागायच्या आधी ओरडून सांगतो, चुकीच्या जागी उभा राहिलेल्याला हाताला धरून जागेवर नेतो, सुटलेल्या चेंडूवर अंग टाकतो. आणि हाच मुलगा शिट्टी विरोधात गेली की चेंडू आपटतो, पंचांच्या अंगावर जातो. गेल्या स्पर्धेत उपांत्य सामन्यात दोन टेक्निकल (बेशिस्तीचे फाउल) घेऊन बाहेर गेला. आम्ही तेव्हा पुढे होतो. त्यानंतर बचावात कोण कुणाकडे जाणार हे सांगायलाच कुणी उरलं नाही आणि सामना गेला.

त्याचा देव म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन. परवा मी त्याला शांतपणे समजावत होतो तर म्हणाला, "सर, ड्रेमंड गप्प बसणारा असता तर वॉरियर्सनं विजेतेपदाची एक तरी रिंग जिंकली असती का?" त्याचं म्हणणं उडवून लावावं असं नाही. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) ग्रीन पस्तिसावा निवडला गेला, म्हणजे दुसऱ्या फेरीत. तिथून २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ अशी चार विजेतेपदं. २०१७ मध्ये वर्षातला सर्वोत्तम बचावपटू. एका सामन्यात तर फक्त ४ गुण करून ट्रिपल-डबल केलं, कारण रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा पकडलेला चेंडू), असिस्ट (गुण करून देणारा पास) आणि स्टील (हिसकावलेला चेंडू) तिन्ही दोन आकडी होते.

पण २०१६ ची फायनल्स (सातपैकी चार सामने जिंकायची अंतिम मालिका) हीही त्याचीच. ७३ विजय, ९ पराभव असा नियमित हंगाम खेळलेला संघ ३-१ ने पुढे असताना क्लीव्हलंडकडून हरला, आणि पाचव्या सामन्यात ग्रीन बंदीमुळे बाहेर होता.

माझा प्रश्न असा: अशा खेळाडूचा राग आणि त्याचं नेतृत्व वेगळं काढता येतं का? की राग काढायला जावं तर खेळही हातचा जाईल? ज्यांनी खेळवलंय, खेळलंय किंवा बारकाईनं बघितलंय त्यांनी कृपया लिहा.

---

पाच_रिंगा (ठाणे)

मी स्पर्सवाला (सॅन अँटोनियो स्पर्सचा चाहता) आहे, हे आधीच सांगतो. माझ्या लेखी नेता म्हणजे टिम डंकन. १९९७ ते २०१६ एकाच संघात, पाच विजेतेपदं, आणि त्याला कधी कुणावर बोट रोखून ओरडताना बघितल्याचं मला आठवत नाही. कोच पोपोविच भर सामन्यात त्याला झापायचा आणि हा ऐकून घ्यायचा. संघातला सर्वांत मोठा खेळाडू बोलणी खातोय म्हटल्यावर बाकीच्यांनी तोंड वर करायचा प्रश्नच येत नव्हता. एवढं मोठं काम त्यानं नुसतं ऐकून घेऊन केलं.

एप्रिल २००७ मध्ये डॅलसमध्ये डंकनला बाकावर बसून हसल्याबद्दल जोई क्रॉफर्ड या पंचानं बाहेर काढलं. तिथे कुणाचंही डोकं फिरलं असतं. पंचाला बोलल्याबद्दल डंकनला दंड झाला, पण तो हातघाईवर आला नाही. लीगनं क्रॉफर्डलाही उरलेल्या हंगामासाठी सस्पेंड केलं आणि दोन महिन्यांनी स्पर्सनं विजेतेपद घेतलं. २०१३ च्या फायनल्समध्ये मायामीविरुद्ध सातव्या सामन्यात शेवटच्या मिनिटात हाताशी असलेला शॉट हुकला तेव्हा त्यानं खाली वाकून दोन्ही हातांनी फरशी बडवली. मी बघितलेला त्याचा सर्वांत मोठा राग तो, आणि तोही स्वतःवर. पुढच्या वर्षी त्याच मायामीला ४-१ ने हरवलं.

तुमच्या मुलाला डंकनचे सामने दाखवा. ग्रीन जिंकला तो त्याच्या संघातल्या स्टीफन करीमुळे. करी नसता तर हे सगळे तमाशे कुणी सहन केले नसते.

---

फ्रीमाँटकर (कॅलिफोर्निया)

करीमुळे जिंकला हे अर्धंच खरं आहे. ओकलंडच्या जुन्या अरीनात आम्ही एकदा खालच्या रांगेत बसलो होतो. टीव्हीवर ग्रीन फक्त भांडताना दिसतो, तिथे सलग ऐकू येतो. समोरचा संघ चेंडू घेऊन अर्धी रेषा ओलांडायच्या आत तो चौघांनाही काहीतरी सांगून मोकळा झालेला असतो. करी कुठे उभा राहणार, कुणाशी अदलाबदल करणार, हेही तोच सांगतो. करीसारख्या लहान चणीच्या खेळाडूला बचावात लपवायचं काम इतकी वर्षं त्यानं केलंय.

पण त्याची किंमतही इथे राहून बघितलीय. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरावात त्यानं आपल्याच संघातल्या जॉर्डन पूलला ठोसा मारला. त्याचा व्हिडिओ बाहेर फुटला आणि माझ्या मुलाच्या शाळेत पोरं तो एकमेकांना दाखवत होती. संघानं दंड केला, बंदी घातली नाही. त्या हंगामात वॉरियर्स बाहेरच्या मैदानांवर ११-३० खेळले. गतविजेता संघ! सगळा दोष त्या ठोशाचा असं मी म्हणणार नाही, पण परक्या गावात एकमेकांवर विसंबून खेळणारा संघ तो उरला नव्हता, हे कुणालाही दिसत होतं. उन्हाळ्यात पूलला वॉशिंग्टनला पाठवून दिलं.

पुढच्या हंगामात नोव्हेंबरमध्ये समोरच्या संघातल्या रूडी गोबेरचा गळा आवळला, पाच सामने बंदी. डिसेंबरमध्ये युसुफ नुर्किचच्या तोंडावर हात मारला, बेमुदत बंदी, ती बारा सामन्यांनी उठली. मार्च २०२४ मध्ये ऑर्लँडोला पहिली चार मिनिटंही झाली नव्हती तेव्हा पंचांशी वाद घालून बाहेर. त्या रात्री कॅमेरा करीवर गेला. त्यानं जर्सी ओढून तोंड झाकलं होतं, डोळे भरलेले दिसत होते. मग उभा राहिला आणि तो सामना जिंकून दिला. मला त्या क्षणी ग्रीनचा जितका राग आला तितका आधी कधीच आला नव्हता. हंगाम दहाव्या क्रमांकावर संपला आणि प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या आधीच्या पात्रता सामन्यात) सॅक्रामेंटोनं घरी पाठवलं. ग्रीनचा जुना साथीदार क्ले थॉम्पसनचा वॉरियर्सकडून तो शेवटचा सामना ठरला.

---

शिट्टीवाला (नागपूर)

लेफ्टकॉर्नर, मी कोच नाही. विदर्भात आणि बाहेर बरीच वर्षं पंच म्हणून उभा राहिलो, जिल्ह्यापासून आंतरविद्यापीठ स्पर्धांपर्यंत. त्यामुळे अशी मुलं मी शिट्टीच्या बाजूनं बघितलीत. ग्रीनचे सामने मी २०१५ पासून सकाळी उठून बघतो, आणि चेंडू सोडून त्याच्याकडेच बघतो.

मला त्याच्यात दोन वेगळी माणसं दिसतात. एक त्याचं तोंड आणि एक त्याचा हात. लोक दोन्हीला मिळून आग, जोश, स्वभाव असं काहीतरी म्हणतात आणि तिथेच सगळी गल्लत होते.

आधी तोंड. २०१५ च्या फायनल्समध्ये क्लीव्हलंड २-१ नं पुढे होतं. चौथ्या सामन्यात वॉरियर्सचा कोच स्टीव्ह कर्रनं सात फुटी बोगटला बसवून इग्वोडालाला सुरुवातीला उतरवलं आणि सहा फूट सहा इंचांचा ग्रीन सेंटर झाला. समोर क्लीव्हलंडचा मोझगॉव्ह, सात फुटांचा. त्यानं त्या दिवशी २८ गुण केले, तरी वॉरियर्सनं सामना १०३-८२ असा मारला आणि पुढचे दोन्ही. ती पाच जणांची मांडणी उंचीवर चालत नव्हती, बोलण्यावर चालत होती. स्क्रीन आली की ज्याच्या समोर जो आला तो त्यानं घ्यायचा, म्हणजे पाचही जणांनी सतत माणसं बदलायची. यात एकानं अर्धा सेकंद उशीर केला की समोरचा मोकळा. तो अर्धा सेकंद वाचवायचा तर स्क्रीन लागायच्या आधी कुणीतरी हाक द्यावी लागते, आणि ती हाक चौघांनी न विचारता मानावी लागते. ती हाक ग्रीनची. नेतृत्वाचं सगळ्यांत कठीण काम मी यालाच म्हणतो, कारण विचार करायला वेळ नसताना तुमच्यापेक्षा जास्त पगाराचे, जास्त नावाचे लोक तुमचं ऐकतात.

त्याचं तोंड कधी घसरतही असे. २७ फेब्रुवारी २०१६ ला ओक्लाहोमा सिटीत मध्यंतराला तो लॉकर रूममध्ये कर्रवर एवढा ओरडला की बाहेर उभ्या असलेल्या टीव्हीच्या बातमीदाराला ऐकू गेलं. त्या दिवशी त्याचा एकही शॉट पडला नाही, गुण दोन. पण १४ रिबाउंड, १४ असिस्ट, ६ स्टील. करीनं जादा वेळेत जवळजवळ अर्ध्या रेषेवरून मारलेला विजयी शॉट याच सामन्यातला. ग्रीननं नंतर माफी मागितली आणि कर्रनं विषय मिटवला. तोंडानं केलेलं नुकसान भरून येतं. मी पंच म्हणून शेकडो शिव्या ऐकल्यात, सामना संपल्यावर हात मिळवला की संपलं.

आता हात. २०१६ च्या प्लेऑफमध्ये लीगचा हिशेब उघड होता. फ्लॅग्रंट-१ (अनावश्यक धसमुसळा फाउल) चा एक पॉइंट, फ्लॅग्रंट-२ (त्याहून गंभीर) चे दोन, तीनच्या वर गेला की एक सामना बंदी. पहिल्या फेरीत ह्यूस्टनविरुद्ध एक झाला. मग ओक्लाहोमाच्या स्टीव्हन ॲडम्सला जांघेत लाथ बसली, त्याचे दोन. म्हणजे फायनल्सला उतरला तेव्हा तीन खात्यावर. चौथ्या सामन्यात शेवटची तीन मिनिटं उरली होती, वॉरियर्स जिंकत आले होते. ग्रीन खाली पडला, क्लीव्हलंडचा लेब्रॉन जेम्स त्याला ओलांडून गेला आणि ग्रीनचा हात वर गेला. लेब्रॉननं डिवचलं हे मलाही दिसतं. मी तिथे असतो तर दोघांनाही बोलावलं असतं. पण हिशेब ग्रीनला माहीत होता. ज्या सामन्यात काहीच मिळवायचं उरलं नव्हतं तिथे त्यानं चौथा पॉइंट घेतला.

पाचवा सामना ओकलंडला झाला. बंदी असलेल्या खेळाडूला अरीनात थांबता येत नाही, म्हणून तो शेजारच्या बेसबॉलच्या स्टेडियममध्ये बसला होता. आत क्लीव्हलंडच्या लेब्रॉनचे ४१ गुण, कायरी अर्विंगचेही ४१. बोगटचा गुडघाही त्याच सामन्यात गेला. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पुन्हा बघा आणि स्कोअरकडे बघू नका. स्क्रीन लागली की वॉरियर्सचे दोन खेळाडू एकमेकांकडे बघतात. एकमेकांकडे! आदल्या सामन्यापर्यंत ते बघत नव्हते, कारण आवाज येत होता.

तुझ्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र सातव्या सामन्यात आहे, आणि ते त्याला नक्की दाखव. ग्रीनवर सगळं जग डोळा ठेवून होतं. तोंड चालू होतं, हात खाली होता. ३२ गुण, १५ रिबाउंड, ९ असिस्ट, आठपैकी सहा थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) आत. वॉरियर्स ८९-९३ नं हरले, पण दोन्ही संघांत मिळून त्या दिवशी त्याच्याएवढे गुण कुणाचे नव्हते. त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा सामना तो हात आवरून खेळला. रागाशिवाय मी खेळूच शकत नाही असं जे हे खेळाडू म्हणतात, त्याला यापेक्षा सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

---

पाच_रिंगा (ठाणे)

शिट्टीवाला सर, लिहिलंय उत्तम. पण मग मायकल जॉर्डनचं काय? १९९५ च्या सराव शिबिरात त्यानं तेव्हा त्याच्याच संघात खेळणाऱ्या याच स्टीव्ह कर्रला ठोसा मारला होता. त्याच हंगामात शिकागो बुल्स ७२-१० आणि विजेते. तिथे हातानं काही बिघडलं नाही. मला ग्रीनची बाजू घ्यायची नाही, पण तुमचा नियम जॉर्डनला लावला तर अडतो.

---

लेफ्टकॉर्नर (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. सातवा सामना आम्ही काल संध्याकाळी सगळ्या पोरांनी मिळून बघितला, अर्विंगचा तो शेवटचा थ्री पडेपर्यंत. तो मुलगा पूर्ण वेळ गप्प होता.

सर, आता खरी अडचण सांगतो. कॅप्टनसाठी दुसरा पर्याय म्हणजे आमचा पॉइंट गार्ड (चेंडू घेऊन खेळ मांडणारा). अतिशय गुणी, डोकं थंड, पंचांशी अदबीनं वागतो. पण बोलत नाही. टाइमआउटमध्येसुद्धा मान हलवतो फक्त. त्याला केलं तर दुसरा दुखावणार, आणि दुखावला तर बचावातलं ओरडणं बंद करेल ही भीती आहे. कर्रनंही ग्रीनला दुखवायचं टाळलंच ना इतकी वर्षं?

---

शिट्टीवाला (नागपूर)

आधी जॉर्डनचं. ती घटना मी विसरलेलो नाही. पण तिथे काय काय घडलं ते पूर्ण बघा. कोच फिल जॅक्सननं जॉर्डनला त्याच क्षणी सरावातून बाहेर काढलं. त्याच दिवशी जॉर्डननं फोन करून कर्रची माफी मागितली. कर्रनं स्वतः पुढे अनेकदा सांगितलंय की त्यानंतर दोघांचं नातं सुधारलं, कारण तो मागे हटला नव्हता, उलटा भिडला होता. आणि तो ठोसा संघाबाहेर कुणी बघितला नाही. पूलला बसलेला ठोसा त्याच्या घरच्यांनी, समोरच्या प्रत्येक संघानं, फ्रीमाँटच्या शाळेतल्या पोरांनी बघितला. तेवीस वर्षांच्या खेळाडूनं त्यानंतर रोज त्याच माणसाची हाक ऐकून बचाव करायचा. माझ्या मते ती हाक त्याच्यापुरती तिथेच मेली. ग्रीनच्या हातानं ग्रीनच्याच तोंडाची किंमत घालवली, हे माझं सगळं म्हणणं आहे.

कर्रनं ग्रीनला दुखवायचं टाळलं, हे मला मान्य नाही. २०२२ च्या फायनल्सचा चौथा सामना आठवा. बोस्टन २-१ नं पुढे, सामना बोस्टनमध्ये, गर्दी ग्रीनच्या नावानं शिवीगाळ करत होती. ग्रीनचा खेळ बसला होता. चौथ्या क्वार्टरमध्ये कर्रनं त्याला उठवून बाकावर बसवलं. फायनल्सच्या ऐन मोक्यावर, इतके मोसम ज्याच्या जिवावर काढले त्या माणसाला! मग शेवटच्या मिनिटांत बचावासाठी आत, आक्रमणाला बाहेर, असं केलं. ग्रीनला ते आवडलं नाही, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण आत गेला की हाक तशीच, रिबाउंडला उडी तशीच. गुण फक्त २, पण ९ रिबाउंड आणि ८ असिस्ट. करीनं ४३ केले, वॉरियर्स जिंकले आणि मग पुढचे दोन्ही जिंकून विजेतेपद घेतलं. दुखावलेला खेळाडू हाक बंद करतोच असं नाही. करतो की नाही यावरून तो कुठल्या मातीचा आहे ते कळतं, आणि ते तुला स्पर्धेच्या आधी कळलेलं बरं.

पाच_रिंगा, तुझ्या डंकनबद्दल एक. डंकन गप्प नव्हता. तो पंचाला डोळे मोठे करून बघायचा ते आम्हा पंचांना चांगलं माहीत आहे. बचावात मागून सूचना द्यायचा, फक्त आवाज बारीक होता म्हणून टीव्हीवर यायचा नाही. मोठ्या संघाच्या बचावात मागचा माणूस मुका असून चालतच नाही.

आता तुझं, लेफ्टकॉर्नर. आपल्याकडे खेळ फिबा या जागतिक महासंघाच्या नियमांनी चालतो. कॅप्टनला पंचांशी बोलायची मुभा आहे, पण चेंडू डेड (खेळात नसलेला) आणि घड्याळ थांबलेलं असताना, अदबीनं आणि माहिती विचारण्यापुरती. दोन टेक्निकल झाले की खेळाडू बाहेर, आणि टेक्निकल त्याच्या पाच फाउलांतही धरला जातो. म्हणजे ज्याचं पंचांसमोर डोकं फिरतं त्याच्याकडेच पंचांशी बोलायचं काम देणं हे त्या मुलावर अन्याय करण्यासारखं आहे. पॉइंट गार्डला कॅप्टन कर. तो कमी बोलतो हे या कामात चांगलंच आहे. मला सामन्यात सर्वांत आवडणारा कॅप्टन तो, जो जवळ येऊन एवढंच विचारतो, "सर, पुश की ब्लॉक?" (ढकलल्याचा फाउल की वाट अडवल्याचा) आणि उत्तर ऐकून परत जातो. पुढची शिट्टी वाजवताना अशा संघाशी मन आपोआप स्वच्छ राहतं.

त्या दुसऱ्या मुलाला एकट्याला बोलावून स्पष्ट सांग की बचाव तुझा आहे. स्क्रीनला कोण बदलणार, झोन (जागा वाटून बचाव) केव्हा, माणूस (ज्याचा त्याचा खेळाडू धरून बचाव) केव्हा, हे मैदानावर तोच सांगणार, आणि कॅप्टनसकट सगळ्यांनी ते मानायचं. सगळ्या संघासमोरही हेच सांग, म्हणजे त्याला नुसती समजूत घातल्यासारखं वाटणार नाही. शिट्टी विरोधात गेली की त्यानं पंचाकडे पाठ करून सरळ कॅप्टनकडे जायचं, काय ते त्याला सांगायचं. सरावात याची सवय लाव. तू स्वतः शिट्टी घेऊन उभा राहा आणि मुद्दाम चुकीच्या शिट्ट्या दे, दमलेला असताना, स्कोअर बरोबरीत असताना. चिडला तर बाहेर काढ आणि उरलेल्यांना त्याच्याशिवाय पाच मिनिटं खेळव. त्याला बाकावरून बघू दे की त्याचा आवाज नसला की ते एकमेकांकडे कसे बघतात.

आणि पहिला टेक्निकल बसला तर लगेच बाहेर घे, कितीही पुढे असा किंवा मागे. दोन मिनिटांनी परत आत पाठव. दुसऱ्याची वाट बघू नकोस.